एकही ‘एल’ नसलेला संदेश

दुसरं महायुद्ध सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. शत्रूचे सांकेतिक संदेश फोडण्याचं ब्रिटिशांचं गुप्त केंद्र होतं त्या इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्क हवेलीच्या आवारात, तबेल्यालगतच्या छोट्या घरात मॅव्हिस लीव्हर नावाची मुलगी एक संदेश पुढ्यात घेऊन बसली होती. वय विशीच्या आतबाहेर. विद्यापीठातलं जर्मनचं शिक्षण अर्धवट सोडून ती इथे आलेली. संदेश इटालियन नौदलाचा, हवेतून पकडलेला. बघायला गेलं तर अक्षरांचा नुसता भुसा. पण तिच्या लक्षात आलं की एवढ्या लांबलचक मजकुरात ‘एल’ हे अक्षर एकदासुद्धा आलेलं नाही.

संदेश ज्या यंत्रावर बनवला होता त्याची एक खोड तिला ठाऊक होती. ते यंत्र कुठल्याही अक्षराच्या जागी तेच अक्षर कधीच देत नसे. मग ‘एल’ कुठेच नाही याचा अर्थ काय? मूळ मजकूर म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसते ‘एल’! कुणा ऑपरेटरला सांगितलं असणार की आज काम नाही, पण शत्रूला कळू नये म्हणून काहीतरी खोटं पाठवून ठेव. त्या पठ्ठ्याने सिगरेट पेटवली असेल आणि कीबोर्डच्या कोपऱ्यातली शेवटची कळ दाबत बसला असेल. ती कळ ‘एल’ची.

त्याच्या कंटाळ्यामुळे मॅव्हिसच्या हाती कुलूप आणि किल्ली दोन्ही आलं. मूळ मजकूर माहीत, सांकेतिक मजकूर समोर. त्यावरून यंत्रातल्या एका नव्या चक्राच्या आतल्या तारा कशा जोडल्या आहेत ते शोधून काढता आलं.

हेर म्हटलं की आपल्याला वेषांतर केलेले बहिर्जी नाईक आठवतात. विसाव्या शतकात या धंद्याचा मोठा भाग अशा टेबलांवर आला, आणि त्याचं कारण बिनतारी यंत्रणा. समुद्रावरच्या पाणबुडीला हुकूम द्यायचा तर तो हवेतूनच द्यावा लागतो, आणि हवेतून दिलेला हुकूम कुणालाही ऐकू येतो. ऐकू येणं टाळता येत नाही, म्हणून तो कळणार नाही अशी व्यवस्था करायची. जर्मनांनी त्यासाठी भरवसा ठेवला तो एनिग्मा नावाच्या यंत्रावर. मॅव्हिसपुढचा इटालियन संदेशही एनिग्माचाच.

लहानपणी आपण च-ची भाषा बोलायचो. ‘मला माहिती आहे’ याचं ‘चला म चाहिती मा चाहे आ’. दहा मिनिटं कान देऊन ऐकलं की ती कुणालाही उलगडते, कारण नियम एकच असतो आणि तो बदलत नाही. आता कल्पना करा की पहिल्या शब्दाला च, दुसऱ्याला ट, तिसऱ्याला भलतंच काहीतरी, आणि कुठल्या शब्दाला काय हे फक्त तुम्हाला आणि समोरच्याला माहीत. एनिग्मा हेच करत असे, फक्त दर शब्दाला नाही तर दर अक्षराला.

दिसायला ते टाइपरायटरसारखं, लाकडी पेटीत मावणारं. कळ दाबली की आतून वीज फिरते आणि वरच्या काचेवर दुसऱ्याच एखाद्या अक्षराचा दिवा लागतो. ते अक्षर लिहून घ्यायचं. आत तीन चक्रं, प्रत्येकावर २६ संपर्कबिंदू, मध्ये तारांचा गुंता. कळ दाबताच उजवीकडचं चक्र एक घर पुढे सरकतं, म्हणून तीच कळ पुन्हा दाबली तर दिवा दुसरा लागतो. वीज तीन चक्रांतून जाते, टोकाला एका परावर्तकावर आपटते आणि दुसऱ्या वाटेने तीनही चक्रांतून परत येते. शिवाय पुढच्या बाजूला टेलिफोन एक्स्चेंजसारखा फळा, त्यावर दहा वायरी लावून अक्षरांच्या जोड्यांची अदलाबदल करायची. संदेश घेणाऱ्याने आपलं यंत्र त्याच मांडणीवर लावलं आणि भुसा टाइप केला की मूळ मजकुराचे दिवे लागत. पाच चक्रांतली कुठली तीन, कुठल्या क्रमाने, सुरुवात कुठून, वायरी कुठे, हे सगळं धरून जर्मन लष्कराच्या यंत्राच्या मांडण्या होतात १५९ वर अठरा शून्यं इतक्या. मांडणी दर रात्री बारा वाजता बदलायची.

जर्मन तज्ज्ञांनी हा आकडा बघितला आणि ते निर्धास्त झाले. हिशेब त्यांचा बरोबरच होता.

इथे एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण इंग्रजांच्या कौतुकात ती मागे पडते. एनिग्मा पहिल्यांदा फोडलं पोलंडने, युद्धाच्या सात वर्षं आधी. जर्मनीच्या सांकेतिक कार्यालयात हान्स-थिलो श्मिट नावाचा एक कर्मचारी होता. पैशांची चणचण, आणि थोरला भाऊ सैन्यात मोठ्या हुद्द्यावर. त्याने १९३१ पासून यंत्राची माहितीपत्रकं फ्रेंचांना विकायला सुरुवात केली. फ्रेंचांना त्यातून काही साधेना, म्हणून त्यांनी ती पोलंडला दिली. पोलंडने भाषापंडितांऐवजी गणितज्ञ कामाला लावले होते. मारियान रेयेव्स्की या २७ वर्षांच्या तरुणाने डिसेंबर १९३२ मध्ये केवळ समीकरणं मांडून, यंत्र डोळ्यांनी न बघता, चक्रांच्या आतली जोडणी काढली. जर्मन ऑपरेटर प्रत्येक संदेशाची तीन अक्षरी किल्ली सुरुवातीला दोनदा पाठवत, चूक होऊ नये म्हणून. ती काळजीच रेयेव्स्कीला उपयोगी पडली. जुलै १९३९ मध्ये, जर्मन आक्रमणाला पाच आठवडे उरले असताना, पोलंडने वॉर्साजवळच्या जंगलात इंग्रज आणि फ्रेंच तज्ज्ञांना बोलावलं आणि सगळं ज्ञान त्यांच्या हवाली केलं. पैशासाठी देश विकणारा एक कारकून आणि कागदावर समीकरणं सोडवणारा एक गणिती, दोघांपैकी एक जरी नसता तर पुढचं सगळं अडलं असतं.

ब्लेचलीत अ‍ॅलन ट्युरिंग आणि गॉर्डन वेल्शमन यांनी जी पद्धत बसवली ती समजायला सोपी आहे. संदेशात कुठला शब्द असणार याचा आधी अंदाज बांधायचा. या अंदाजाला ते ‘क्रिब’ म्हणत. इंग्लंडच्या शाळांमधला शब्द, म्हणजे आपली परीक्षेतली कॉपीची चिठ्ठी. अंदाज बांधणं अवघड नव्हतं. हवामानाचा अहवाल देणारं केंद्र रोज त्याच वेळी, त्याच साच्यातला संदेश पाठवतं, आणि त्यात ‘हवामान’ हा शब्द असणारच. समजा मराठीतच तसा संदेश आहे. ‘ह-वा-मा-न’ ही चिठ्ठी भुशाच्या खाली ठेवून एकेक घर सरकवत न्यायची. जिथे ह खाली ह येतो ती जागा बाद, कारण यंत्र अक्षराला तेच अक्षर देत नाही. उरलेल्या जागांपैकी एक धरायची आणि ‘बॉम्ब’ नावाच्या कपाटाएवढ्या यंत्राला लावायची. हे यंत्र हजारो मांडण्या भराभर तपासून ज्यांत विसंगती निघते त्या फेकून देई. शिल्लक राहतील त्या माणसांनी हाताने तपासायच्या. पहिला ‘बॉम्ब’ मार्च १९४० मध्ये आला, युद्ध संपेपर्यंत दोनशेच्या वर झाले. तोवर तिथे नऊ-दहा हजार माणसं काम करत होती आणि त्यांत चारातल्या तीन बायका होत्या.

बाकी मदत शत्रूचीच. कुणी किल्ली म्हणून आपल्या मैत्रिणीच्या नावाची अक्षरं लावायचा, कुणी कीबोर्डवर शेजारी असलेली. चक्रं सकाळी जिथे होती तिथून फारशी न हलवताच कुणी दिवसाचा पहिला संदेश पाठवायचा. जॉन हेरिव्हेल या तरुणाने खोलीत शेकोटीपुढे डुलकी काढता काढता असा आळशी ऑपरेटर डोळ्यांपुढे आणला आणि त्यावरून दिवसाची मांडणी हुडकायची युक्ती काढली. हे वाचताना मला ऑफिसमधला पासवर्ड आठवतो, दर तीन महिन्यांनी बदलावा लागतो म्हणून आपण सगळेच शेवटचा आकडा एकने वाढवतो तो.

पण संदेश फुटला म्हणजे काम झालं असं नाही. खरी पंचाईत तिथून पुढे.

मार्च १९४१. मॅव्हिसच्या टेबलावर आणखी एक इटालियन संदेश फुटला. त्याचा आशय एवढाच की आज मोहिमेच्या आधीचा तिसरा दिवस. पुढचे तीन दिवस-रात्री तिच्या गटातल्या कुणालाच नीट झोप नव्हती. मग लांब संदेश हाती आला. इटालियन आरमार ग्रीसकडे जाणाऱ्या ब्रिटिश काफिल्यांवर चालून येणार होतं. बातमी अलेक्झांड्रियात अ‍ॅडमिरल कनिंगहॅमकडे पोचली.

आता कनिंगहॅमने उठून थेट इटालियन आरमारापुढे जाऊन उभं राहायचं का? तसं केलं असतं तर रोममध्ये कुणीतरी विचारलंच असतं की यांना कसं कळलं. दुसऱ्या आठवड्यात सगळी यंत्रं बदलली असती. म्हणून त्याने आधी एक टेहळणी विमान पाठवलं. ते इटालियन जहाजांना दिसेल असं उडालं, म्हणजे विमानाने आपल्याला बघितलं अशी शत्रूची समजूत व्हावी. अलेक्झांड्रियात जपानी वाणिज्यदूत (कॉन्सल) राहत होता, बंदरात काय चाललंय याच्यावर त्याचा डोळा असे. २७ मार्चच्या दुपारी कनिंगहॅम हातात छोटी सुटकेस घेऊन, जणू आज रात्री किनाऱ्यावरच मुक्काम, अशा थाटात क्लबात गोल्फ खेळायला गेला. वाणिज्यदूताने बघितलं. अंधार पडल्यावर अ‍ॅडमिरल गुपचूप ‘वॉरस्पाइट’ या आपल्या युद्धनौकेवर परतला आणि आरमाराने नांगर उचलले.

२८ मार्चच्या रात्री ग्रीसच्या केप माटापानजवळ इटलीच्या तीन मोठ्या क्रूझर आणि दोन विनाशिका बुडाल्या. दोन हजार तीनशेच्या आसपास खलाशी मेले. ब्रिटिशांचं एक विमान आणि त्यातले तिघे गेले. ब्रिटिश जहाजांवर रडार होतं, इटालियनांकडे नव्हतं. रात्री चार किलोमीटरच्याही आतून तोफा सुटल्या तेव्हा इटालियन तोफा लढाईच्या रोखाने वळवलेल्याही नव्हत्या.

दोन महिन्यांनी क्रीट बेटावर याचं उलट झालं. जर्मन छत्रीधारी सैनिक कुठे आणि केव्हा उतरणार हे ब्लेचलीने आधीच कळवलं होतं. २० मे १९४१ ला ते खरोखरच उतरले. तरी बेट गेलं. बचाव करणाऱ्या फ्रेबर्गचे सैनिक ग्रीसमधून जेमतेम निसटून आलेले, जड तोफा मागे राहिलेल्या, बिनतारी संच अपुरे, आणि त्याचं अर्धं लक्ष समुद्रातून येणाऱ्या हल्ल्याकडे. मालेमेचा विमानतळ हातचा गेला आणि खेळ संपला. चोर रात्री येणार हे कळूनही दाराला कडीच नसेल तर काय करणार?

बातमीवर विश्वास ठेवणं हीसुद्धा सोपी बाब नव्हती. सुरुवातीला ब्लेचलीची बातमी ‘बोनिफस’ नावाच्या काल्पनिक हेराकडून आल्याचं भासवत. गंमत अशी की हेरांच्या बातम्यांना सेनापती आधीच नाकं मुरडायचे, त्यामुळे ही सोन्यासारखी माहितीही काही जण बाजूला सारत. आणि मॉस्कोत तर बघायलाच नको. जर्मनी हल्ला करणार हे टोकियोतून रशियाचाच हेर रिचर्ड सोर्गे याने कळवलं, इतरही अनेकांनी कळवलं. स्टालिनने मानलं नाही. २२ जून १९४१ ला रशियाने त्याची किंमत मोजली.

पॅसिफिकमध्ये अमेरिकनांनी एक झकास युक्ती केली. पर्ल हार्बरच्या तळघरात जोसेफ रोशफोर्टचा गट जपानी नौदलाचे संदेश तुकड्यातुकड्याने वाचत होता. मोठा हल्ला ‘एएफ’ या ठिकाणी होणार इतपत कळलं, पण ‘एएफ’ म्हणजे कुठे? रोशफोर्टला वाटत होतं मिडवे बेट, वॉशिंग्टनमधल्या साहेबांना पटत नव्हतं. मग मिडवेच्या तळाला समुद्राखालच्या केबलवरून, जी जपान्यांना ऐकू येत नाही, कळवलं की तुमचं गोडं पाणी करायचं यंत्र बिघडलंय असा साधा संदेश बिनतारीवरून पाठवा. त्यांनी पाठवला. थोड्याच वेळात एक जपानी संदेश पकडला गेला. ‘एएफ’वर पाण्याची टंचाई आहे! ४ जून १९४२ ला सुरू झालेल्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. पण त्याआधी, आधीच्या लढाईत जखमी झालेली ‘यॉर्कटाउन’ ही अमेरिकन विमानवाहू नौका पर्ल हार्बरच्या गोदीत तीन दिवसांत डागडुजी करून पुन्हा समुद्रात उतरवली होती हेही लक्षात ठेवायला हवं. गोदीतले फिटर नसते तर तळघरातल्या पंडितांच्या बातमीचं काय केलं असतं?

अटलांटिकची गोष्ट सगळ्यांत गुंतागुंतीची. १ फेब्रुवारी १९४२ ला जर्मन पाणबुड्यांच्या एनिग्मात चौथं चक्र आलं आणि ब्लेचली आंधळी झाली. दहा महिने काहीही वाचता येईना, इकडे जहाजांमागून जहाजं बुडत होती. ३० ऑक्टोबरला इजिप्तजवळ ‘यू-५५९’ ही पाणबुडी तासन्‌तास पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बचा मारा सोसून रात्री वर आली. जर्मन खलाशांनी ती बुडावी म्हणून पाणी आत सोडलं आणि उड्या टाकल्या. ‘पेटर्ड’ या विनाशिकेवरचा अधिकारी टोनी फॅसन आणि खलाशी कॉलिन ग्रेझियर कपडे उतरवून पोहत गेले आणि बुडणाऱ्या पाणबुडीत शिरले. खाली पाणी भरतंय, ते पुस्तकं वर देताहेत. शिडीवर ती झेलायला टॉमी ब्राउन, जहाजाच्या कँटीनमध्ये काम करणारा सोळा वर्षांचा पोरगा, वय खोटं सांगून भरती झालेला. पाणबुडी एकदम खाली गेली. ब्राउन वाचला, ते दोघे गेले. त्या पुस्तकांत हवामान अहवालांचा संकेतकोश होता, म्हणजे नव्या ‘चिठ्ठ्या’. १३ डिसेंबरला ब्लेचली पुन्हा वाचू लागली आणि काफिले पाणबुड्यांच्या टोळ्यांना वळसा घालून न्यायला सुरुवात झाली.

इथे सिनेमा संपतो, पण युद्ध संपत नाही. कारण त्याच काळात जर्मन नौदलाचा गट ब्रिटिशांचा काफिल्यांसाठीचा संकेत सर्रास वाचत होता! दोन्ही बाजू एकमेकांची पत्रं फोडत होत्या आणि दोन्ही बाजूंना आपलं पत्र सुरक्षित वाटत होतं. जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झला संशय आला होता, त्याने चौकश्याही लावल्या. तज्ज्ञांनी दरवेळी सांगितलं, एनिग्मा फुटणं अशक्य, दुसरं काहीतरी असेल. मे १९४३ मध्ये डोनिट्झच्या ४१ पाणबुड्या गेल्या आणि त्याने उत्तर अटलांटिकमधून माघार घेतली. त्यात फुटलेल्या संकेतांचा वाटा होता, तसाच लांब पल्ल्याच्या विमानांचा, नव्या रडारचा आणि छोट्या विमानवाहू नौकांचाही होता. तराजूत घालून वेगळं करता येईल असं ते नाही.

युद्धाचा हा भाग आपल्या दारापर्यंतही आला होता. जपानी लष्कराचे संकेत वाचायला दिल्लीत आनंद पर्वतावर, रामजस कॉलेजच्या इमारतींत ब्लेचलीची एक शाखा होती. आणि गोव्यात, तटस्थ पोर्तुगालच्या मुरगाव बंदरात, १९३९ पासून आसरा घेतलेली ‘एरेनफेल्स’ ही जर्मन मालवाहू बोट होती. तिच्यावरून पाणबुड्यांना जहाजांच्या बातम्या जातात असा ब्रिटिशांचा संशय होता. संदेश वाचत बसण्यापेक्षा तोंडच बंद करा, असं ठरलं. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याच्या हौशी घोडदळातले, एरवी पेढ्यांवर बसणारे, पोट सुटलेले गोरे व्यापारी एका जुनाट बार्जवरून मुरगावला आले आणि रात्री बोटीवर चढले. बोट बुडाली. बंदरातल्या इतर बोटीही त्यांच्याच खलाशांनी जाळून बुडवल्या. तटस्थ देशाच्या बंदरात केलेला हा उद्योग १९७८ पर्यंत गुपित राहिला. बोटीवरच्या त्या ट्रान्समीटरबद्दल मात्र अजून वाद आहेत.

फुटलेल्या संकेतांचा मला सगळ्यांत मोठा वाटणारा उपयोग मात्र शत्रूला थापा मारण्यासाठीचा. थाप कुणीही मारेल, पण समोरच्याला ती पटली की नाही हे कसं कळणार? ब्रिटिशांना कळायचं, कारण ते जर्मनांची आपापसातली कुजबुज वाचत होते. ‘गार्बो’ हे टोपणनाव असलेला स्पॅनिश हेर हुआन पुजोल हा या खेळातला राजा. ब्रिटिशांनी नोकरी नाकारल्यावर तो जर्मनांचा हेर झाला. इंग्लंडमध्ये पोचलो म्हणून त्याने जर्मनांना कळवलं, पण राहिला लिस्बनमध्ये. तिथून पर्यटकांचं मार्गदर्शक पुस्तक बघून तो अहवाल रचत असे. ग्लासगोतले लोक एक लिटर वाइनसाठी काहीही करतात, असं त्याने लिहिलं आणि जर्मनांनी ते गिळलं. पुढे ब्रिटिशांनी त्याला खरोखर लंडनला आणलं. त्याच्या हाताखालचे २७ हेर सगळे काल्पनिक. त्यांतला लिव्हरपूलचा एक जण मोठा ताफा ‘बघायला विसरला’, तेव्हा त्याला मारून टाकलं, वर्तमानपत्रात निधनवार्ता छापली आणि त्याच्या नसलेल्या विधवेला जर्मनांकडून निवृत्तिवेतन मिळवून दिलं. ६ जून १९४४ ला मित्रसैन्य नॉर्मंडीत उतरल्यावर गार्बोने कळवलं की ही नुसती हूल आहे, खरा हल्ला फ्रान्सच्याच काले बंदराच्या भागात होणार. जर्मनांचं मोठं सैन्य तिथे वाट बघत बसून राहिलं. त्याला जर्मनीचा आयर्न क्रॉस मिळाला आणि ब्रिटनचा सन्मानही.

ब्लेचलीमुळे युद्ध निदान दोन वर्षं आधी संपलं, असा अंदाज तिथेच काम केलेल्या इतिहासकार हॅरी हिन्स्ली यांनी मांडला. मला असे ‘जर-तर’चे आकडे फार पटत नाहीत. जर्मन सैन्याची कंबर मुख्यतः रशियाच्या आघाडीवर मोडली आणि तिथे कोट्यवधी माणसांचे जीव गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ती दुसरी कथाही सोडून द्या, की चर्चिलला कोव्हेन्ट्रीवरच्या बॉम्बहल्ल्याची बातमी आधी कळली होती, पण गुपित राखायला त्याने शहर जळू दिलं. कोव्हेन्ट्रीचं नाव त्याला आधी स्पष्ट कळलेलंच नव्हतं.

गुपित मात्र खरोखरच राखलं गेलं, १९७४ पर्यंत. मॅव्हिसने ब्लेचलीतच काम करणाऱ्या कीथ बेटीशी लग्न केलं, पुढे जुन्या बागांचा इतिहास लिहिणारी म्हणून नाव कमावलं, पण माटापानबद्दल ती तोवर चकार शब्द बोलली नाही. लढाई जिंकल्यावर स्वतः कनिंगहॅम ब्लेचलीला त्या तबेल्यालगतच्या घरात या मुलींचे आभार मानायला आला होता. घराच्या भिंतीला नुकताच चुना लावलेला, अजून ओला. मुलींनी आपापसात डोळे मिचकावले आणि अ‍ॅडमिरलसाहेबांना गप्पांत गुंतवत भिंतीला टेकायला लावलं. नौदलाचा गडद निळा गणवेश घालून आलेला माणूस पाठीमागे पांढराफटक होऊन परत गेला.